एचआयव्ही पुढारलेल्या पट्ट्यात आधी का पसरला?

अभ्यासिका (प्रश्न)

नमस्कार. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी सध्या लघुप्रबंध लिहीत आहे. भारतात, आणि त्यातही महाराष्ट्रात, एचआयव्हीचा प्रसार कोणत्या कारणांनी झाला हा त्याचा विषय आहे. आमच्या क्रमिक पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर दारिद्र्य, निरक्षरता आणि अज्ञान अशा तीन शब्दांत उरकलेले असते. परीक्षेपुरते ते मीही आजवर लिहीत आले, परंतु आकडेवारी घेऊन बसल्यापासून हे उत्तर मला पटेनासे झाले आहे.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ मध्ये स्थापन झाली. तिने पुढे जी सहा राज्ये अधिक प्रादुर्भावाची म्हणून निश्चित केली, ती महाराष्ट्र, तमिळनाडू, कर्नाटक, तेव्हाचा अखंड आंध्र प्रदेश, मणिपूर आणि नागालँड ही होत. बिहार, ओडिशा किंवा मध्य प्रदेश यांच्या मानाने यांतली बहुतेक राज्ये कारखानदारीत, रस्त्यांत किंवा शिक्षणात पुढे होती. आपल्या राज्यातही साखर कारखान्यांच्या आणि द्राक्षबागांच्या सांगलीचे नाव या संदर्भात जितक्या लवकर पुढे आले, तितके गडचिरोलीचे आले नाही. दारिद्र्य हेच मूळ कारण असते, तर हे चित्र उलटे दिसायला हवे होते.

माझी दुसरी अडचण वैद्यकीय आहे. बाधित पुरुषाकडून स्त्रीला एका शारीरिक संबंधात संसर्ग होण्याची शक्यता साधारण हजारात एक इतकी कमी असते, असे मी वाचले. शक्यता इतकी कमी असताना हा विषाणू दहा-पंधरा वर्षांत लाखो लोकांपर्यंत कसा पोहोचला? ज्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त त्वचावैद्य

आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत आणि माझ्या मते त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. मी पंचवीसहून अधिक वर्षे त्वचारोग व गुप्तरोग विभागात काढली, त्यामुळे आधी दुसऱ्या शंकेविषयी लिहितो.

हजारात एक हा आकडा चुकीचा नाही, पण तो सरासरीचा आहे, आणि बराचसा अशा जोडप्यांच्या अभ्यासांतून आलेला आहे ज्यांना दुसरा कोणताही गुप्तरोग नव्हता आणि ज्यांच्यातल्या बाधित जोडीदाराला संसर्ग होऊन बराच काळ लोटला होता. आमच्या बाह्यरुग्ण विभागात १९९० च्या सुमारास येणारा पुरुष असा नसे. त्याला गरमी (सिफिलिस) असे, परमा (गनोरिया) असे, किंवा मृदुव्रण (शँक्रॉइड) झालेला असे. शिश्नावर उघडी जखम घेऊन तो तीन-चार आठवडे हिंडलेला असे, कारण आमच्याकडे येण्याआधी त्याने औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेतलेल्या असत आणि एखाद्या जडीबुटीवाल्याला पैसे मोजलेले असत. जननेंद्रियावर व्रण असला की विषाणूला आत शिरायला आणि बाहेर पडायलाही वाट मिळते. शिवाय ज्या पेशींना हा विषाणू चिकटतो, त्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्या जखमेभोवती गोळा झालेल्या असतात. अशा स्थितीत हजारात एक ही शक्यता कित्येक पटींनी वाढते.

दुसरी गोष्ट नव्या संसर्गाची. विषाणू शरीरात शिरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले त्याचे प्रमाण अतोनात असते. त्या काळात माणसाला फार तर तापाची कणकण येते, तो कामावर जातो, आणि त्या वेळची नेहमीची प्रतिपिंडांची (अँटीबॉडीची) चाचणीही बहुधा नकारात्मक येते. म्हणजे माणूस सर्वांत अधिक संसर्गजन्य असतो तेव्हाच तो निरोगी ठरतो. अशा माणसाचे त्या काही आठवड्यांत एकाहून अधिक ठिकाणी संबंध असतील, तर साखळी विलक्षण वेगाने लांबते. म्हणून आयुष्यात एकूण किती जोडीदार झाले यापेक्षा एकाच काळात किती जण एकमेकांशी जोडलेले आहेत हा प्रश्न साथीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. एकामागून एक तीन संबंध ठेवणारा माणूस आणि एकाच महिन्यात मुंबईत एक, महामार्गावर एक व गावी पत्नी असे तीन संबंध ठेवणारा माणूस, यांची बेरीज सारखी असली तरी साथीवरचा परिणाम सारखा नसतो.

भारतात हा संसर्ग पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये आढळला. पुढे दहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती, तेव्हा मुंबईत तपासलेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास बाधित निघू लागल्या होत्या. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या बाधित असणे त्या वेळी अपेक्षितच होते. परंतु ज्या देहविक्रय करत नव्हत्या, त्यांच्यातही शंभरांत १३ ते १४ जणी बाधित आढळल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. तो निबंध वाचला त्या दिवसापासून मी पुरुष रुग्णाला पत्नीला घेऊन येण्यास सांगू लागलो. फारच थोडे जण घेऊन आले.

आता पहिल्या शंकेकडे वळतो. हा विषाणू भुकेच्या मागे गेला नाही. ज्या पुरुषाच्या हातात रोख पैसा आहे आणि जो घरापासून दूर आहे, त्याच्या मागे तो गेला. महामार्ग, गोदी, यंत्रमाग, बांधकाम आणि बाजार समित्या जिथे होत्या तिथे असे पुरुष होते, आणि ज्या स्त्रियांना दुसरा रोजगार नव्हता त्याही तिथेच आणल्या जात होत्या. म्हणून दारिद्र्य कारणांच्या यादीतून काढून टाकू नका. ते कोणाच्या वाट्याला आले आणि पैसा कोणाच्या हाती होता हे वेगवेगळे लिहा.

तालुक्याची समुपदेशक

डॉक्टरांनी लिहिलेले मी रोज दुसऱ्या बाजूने पाहते. महामार्गालगतच्या एका तालुक्यात, ग्रामीण रुग्णालयाच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मी पंधरा वर्षे काम करते आहे. आमच्याकडे कोणी एचआयव्ही हा शब्द उच्चारत नाही, सगळे जण 'मोठा आजार' म्हणतात.

अभ्यासिकाताई, आपण 'अज्ञान' हे कारण खोडून काढलेत, त्याबद्दल थोडे लिहावेसे वाटते. माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक स्त्रियांना हा आजार कसा होतो हे ठाऊक असते. दूरदर्शनवर त्यांनी ते पाहिलेले असते, आशाताईंनी सांगितलेले असते. ठाऊक असून उपयोग होत नाही, कारण ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असते, आणि ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या मुलानंतर, पंचविशीच्या आसपास होते. एकदा 'ऑपरेशन' झाले की घरात निरोध ठेवायला कोणतेही कारण उरत नाही. त्यानंतर बायकोने निरोधाचा विषय काढला, तर त्याचे दोनच अर्थ निघतात: एक तर तिला नवऱ्याचा संशय आहे, नाहीतर तिचे स्वतःचे काही तरी आहे. दोन्ही अर्थांची परिणती मारहाणीत होते. आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाने सारा भार स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर टाकला, त्याची ही बाजू फारशी बोलली जात नाही असे मला वाटते.

एक प्रसंग ओळख पुसून सांगते. पाचव्या महिन्यात तपासणीला आलेल्या एका मुलीचा अहवाल बाधित आला. वय एकवीस, लग्नाला दीड वर्ष. मी नियमानुसार तिला वेळ देऊन, दार लावून सांगितले. तिने रडण्याआधी विचारले, "ह्यांना कळेल का?" दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बोलावले. तो मालवाहू गाडीवर चालक होता. मी बोलायला सुरुवात केली तसा त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. तो दुसऱ्या जिल्ह्यातला चाचणीचा अहवाल होता, लग्नाच्या आधीचा. घडीवर घडी पडून मधली अक्षरे गेली होती. त्याने तो फेकलाही नव्हता आणि कोणाला दाखवलाही नव्हता. लग्न का केलेस, असे मी विचारले नाही, तसे विचारायचे नसते. तोच म्हणाला, "नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं घरी?"

या एका वाक्यात प्रसाराचे एक मोठे कारण आहे. जिथे आजार उघड झाला की शेतातला वाटा जातो, बहिणीचे लग्न मोडते आणि पाण्याच्या हंड्याला हात लावू देत नाहीत, तिथे माणूस गप्प बसतो. हे भय पोकळ नाही. माझ्याच एका गरोदर रुग्णाला, अहवाल कळल्यावर, कळा सुरू असताना एका खासगी दवाखान्याने दारातून परत पाठवले होते आणि तिच्या कागदावर लाल शाईने मोठी खूण केली होती. ती खूण पाहून पुढच्या ठिकाणीही तिला ताटकळावे लागले. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आज असा नकार देणे हा कायद्याचा भंग आहे. परंतु अशी बातमी गावात एकदा पसरली, की पुढची दोन-तीन वर्षे त्या गावातून स्वतःहून चाचणीला कोणी येत नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले हे लिहिते. तिने गोळ्या सुरू केल्या आणि बाळ बाधित झाले नाही. पहिल्या महिन्यात ती म्हणाली होती, "ताई, औषध घेते, पण बाटली नको, ती वाजते." तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली पिशवीत खुळखुळते आणि सासूने विचारले तर उत्तर नसते. तेव्हापासून आम्ही बाटलीत कापसाचा बोळा कसा भरायचा आणि वरचा कागद कसा भिजवून काढायचा, हे समुपदेशनातच सांगतो.

रक्तपेढी तंत्रज्ञ

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, परंतु चर्चा केवळ शारीरिक संबंधांपुरती राहू नये म्हणून सुईच्या आणि रक्ताच्या मार्गांविषयी थोडे लिहितो.

बाधित रक्त चढवले गेले तर संसर्ग होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक असते. त्या तुलनेत शारीरिक संबंधातली शक्यता किती कमी आहे हे आपण वर वाचलेच. भारतात रक्ताची एचआयव्ही चाचणी १९८९ मध्ये बंधनकारक झाली, तरी पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत त्यानंतरही चालू होती. स्टेशनजवळ राहणारा, व्यसनी, महिन्यातून दोन-तीनदा वेगवेगळ्या नावांनी रक्त विकणारा माणूस त्या काळच्या तंत्रज्ञांना चेहऱ्याने ओळखू येत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून अशा व्यावसायिक रक्तदानावर बंदी आली. त्यानंतर हा मार्ग बराच आटला. ऐच्छिक रक्तदान शिबिरांची जी परंपरा महाराष्ट्रात उभी राहिली, तिचे महत्त्व यासाठी मोठे आहे.

मणिपूरची कथा वेगळी आहे, आणि आपल्या सहा राज्यांच्या यादीत ते राज्य का आहे याचे उत्तर तिच्यात सापडते. म्यानमारच्या सीमेवरून शुद्ध हेरॉइन येत होते, सिरिंज मिळवणे अवघड होते, आणि एकच सुई चार-पाच तरुणांत फिरत होती. १९८९-९० च्या सुमारास तिथे नशेची इंजेक्शने घेणाऱ्यांत संसर्ग आढळू लागला आणि फार थोड्या काळात त्यांतले निम्म्याहून अधिक तरुण बाधित झाले. पुढे तो त्यांच्या पत्नींकडे गेला. हे तरुण शिकलेले होते, त्यामुळे निरक्षरतेचा मुद्दा इथे लागूच होत नाही. आज लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक बाधित मिझोराममध्ये आहेत, प्रौढांमध्ये दोन टक्क्यांहून अधिक, आणि तिथली साक्षरता देशातल्या सर्वोच्च साक्षरतांपैकी एक आहे.

तिसरा मार्ग आपल्या गावागावांत आहे. तापाला सुई टोचल्याशिवाय उपचार झाला असे लोकांना वाटत नाही. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात २०१८ च्या सुरुवातीला एकाच परिसरात डझनावारी लोक बाधित आढळले, आणि एका भोंदू डॉक्टरने एकच सुई वारंवार वापरल्याचा संशय पुढे आला. पाकिस्तानातल्या रातोदेरो इथे २०१९ मध्ये शेकडो मुले बाधित निघाली, तीही मुख्यतः असुरक्षित इंजेक्शनांमुळे. त्या मुलांच्या मातांपैकी बहुतेक जणी बाधित नव्हत्या, यावरूनच तिथला मार्ग उघड झाला.

गोदाकाठ

चर्चा उत्तम चालली आहे. डॉक्टरसाहेबांच्या प्रतिपादनाविषयी मात्र एक शंका आहे. घरापासून दूर असलेला, हातात पैसा असलेला पुरुष हे कारण मानले, तर उत्तर प्रदेश आणि बिहार यांतून मुंबई, सुरत, दिल्ली येथे जाणाऱ्या पुरुषांची संख्या कोणत्याही राज्यापेक्षा अधिक आहे. मग त्या राज्यांत प्रमाण इतके कमी का राहिले? 'स्थलांतर' हा शब्द आपण फार सैलपणे वापरत आहोत, असे मला वाटते.

निवृत्त त्वचावैद्य

शंका मान्य आहे. मी ते वाक्य घाईने लिहिले. स्थलांतरित पुरुष बाधित होणे ही साथीची पहिली पायरी आहे. परत गेल्यावर त्याच्या गावी संबंधांचे दुसरे जाळे आहे की नाही, यावर पुढचे अवलंबून असते. तिथे तो फक्त पत्नीला बाधित करतो, तर साखळी बहुतेक वेळा त्या घरात संपते. हे त्या घरावरचे संकट लहान नाही, परंतु त्यातून साथ उभी राहत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात परिस्थिती निराळी होती. त्याविषयी सीमाभागातल्या कोणी लिहिले तर बरे होईल.

एक भेद मात्र मी स्वतः नोंदवून ठेवलेला आहे. बीडचा ऊसतोड कामगार कारखान्यावर जातो तेव्हा मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. साताऱ्याचा माथाडी किंवा कोकणातला चाकरमानी मुंबईला एकटा जाई, दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा जणांत पाळीने झोपे, आणि गणपतीला किंवा जत्रेला चार दिवस घरी येई. दोघांनाही आपण स्थलांतरितच म्हणतो.

कृष्णाकाठ

मी सीमाभागातला आहे आणि काही वर्षे सांगली परिसरात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांबरोबर काम केलेले आहे. डॉक्टरांनी उल्लेख केलेल्या दुसऱ्या जाळ्याविषयी सांगतो.

उत्तरेकडच्या अनेक भागांत देहविक्रय प्रामुख्याने मोठ्या शहरांतल्या ठरावीक वस्त्यांमध्ये होता. आमच्याकडे, म्हणजे बेळगाव, बागलकोट, विजापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात, तो तालुक्याच्या गावांत आणि खेड्यांतही होता. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला मुली सोडण्याची, म्हणजे देवदासी, प्रथा या भागात खोल रुजलेली होती. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने त्यानंतर दोन दशकांनी तिच्याविरुद्ध कायदे केले, तरी ज्या मुली आधीच सोडलेल्या होत्या त्यांना ना जमीन मिळाली ना रोजगार. त्यांतल्या काही मुंबई-पुण्याला गेल्या, आजारी पडल्यावर परत आल्या, आणि पोटासाठी गावातच पुन्हा तोच धंदा करू लागल्या. बागलकोटसारखा ग्रामीण जिल्हा इतक्या मोठ्या प्रमाणावर का होरपळला, याचे उत्तर इथे आहे. मुंबईहून आलेल्या पुरुषाची साखळी गावात तुटत नव्हती, तिला तिथे नवे दुवे मिळत होते.

त्या काळात शासनाचा आणि पोलिसांचा दृष्टिकोन असा होता की या स्त्रिया रोगाचे आगर आहेत, म्हणून धाडी घाला आणि वस्त्या उठवा. धाड पडली की काय होते हे मी पाहिलेले आहे. बाया रातोरात दुसऱ्या गावी जातात, जिथे त्यांची ओळख नसते, घरवालीचे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचे, कर्ज डोक्यावर असते आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची ताकद आणखी कमी झालेली असते. शिवाय धाडीत निरोधाची पाकिटे सापडली की तोच धंद्याचा पुरावा धरला जाई, त्यामुळे बाया निरोध जवळ ठेवायलाच भीत. म्हणजे ज्या कारवाईने रोग आटोक्यात येईल असे सांगितले जात होते, तिनेच तो पसरत होता.

कलकत्त्यात सोनागाची या देहविक्रयाच्या वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये याच्या नेमके उलट, या स्त्रियांनाच बरोबर घेऊन, काम सुरू केले, आणि त्याच वर्षी सांगलीत मीना सेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम' संस्था उभी राहिली. पुढे १९९६ मध्ये इथल्या स्त्रियांनी स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन केली. त्यांनी निरोध वाटण्याचे काम बाहेरच्या कार्यकर्त्यांकडून स्वतःकडे घेतले. एका गल्लीतल्या सगळ्याजणींनी मिळून निरोधाशिवाय कोणालाही घ्यायचे नाही असे ठरवले, की गिऱ्हाइकाला शेजारच्या दाराचा पर्याय उरत नाही. एकटीने नकार दिला तर ती उपाशी राहते, पण सगळ्यांनी दिला तर तो नियम होतो. एक अवघड जागा मात्र बराच काळ राहिली. ज्याला बाया 'मालक' म्हणतात, म्हणजे ज्याच्याशी नवऱ्यासारखे नाते असते, त्याच्याशी निरोध वापरला जात नसे. वापरला तर तो गिऱ्हाईक ठरतो, आणि प्रेमाचा उरलेला एकमेव आधार जातो. समुपदेशकताईंनी घरातल्या पत्नीविषयी जे लिहिले, तेच वस्तीतही तंतोतंत खरे होते.

पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. गुदमैथुनात ग्रहण करणाऱ्या जोडीदाराला होणारा धोका योनीसंबंधांपेक्षा दहा पटींहून अधिक असतो. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मुळे हे संबंध ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत गुन्हा होते. त्यामुळे भेटी घाईत, अंधारात आणि नाव न सांगता होत, आणि घरच्यांच्या आग्रहाने यांतल्या अनेक पुरुषांची लग्नेही झालेली असत.

अभ्यासिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचताना माझी प्रकरणांची मांडणीच बदलली. एक शेवटची शंका उरली आहे. २००५ च्या सुमारास भारतात ५२ लाख बाधित असल्याचे सांगितले जात होते, आणि आता २५ लाख सांगतात. निम्मे लोक मृत्यू पावले, असा याचा अर्थ होतो का? की प्रसार खरोखर इतका घटला?

कृष्णाकाठ

दोन्ही नाही. जुना अंदाज मुख्यतः सरकारी प्रसूतिगृहे आणि गुप्तरोग दवाखाने इथल्या नमुन्यांवर बेतलेला होता, आणि तिथे येणारा वर्ग संपूर्ण जनतेचे प्रतिनिधित्व करत नाही. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच घरोघरी रक्ताचे नमुने घेतले गेले. ते आकडे धरून २००७ मध्ये अंदाज सुधारला आणि तो सुमारे २५ लाखांवर आला. म्हणून २००७ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका आलेखात ठेवू नका. ही चूक छापील लेखांतही सर्रास आढळते. २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून थोडे अधिक बाधित आहेत, प्रौढांतले प्रमाण ०.२ टक्के आहे, आणि संख्येच्या दृष्टीने महाराष्ट्र आजही पहिल्या क्रमांकावर आहे.

संख्या तितकीच दिसते, कारण माणसे आता औषधांमुळे जगतात. औषधे १९९० च्या दशकातही होती, परंतु वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा जगभरचे चित्र पालटले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून तो मोफत द्यायला सुरुवात केली. नियमित औषधाने रक्तातला विषाणू दबला की संसर्ग पुढे जात नाही, हे नऊ देशांतल्या जोडप्यांच्या अभ्यासातून २०११ मध्ये समोर आले. लवकर उपचार दिल्याने जोडीदाराकडे जाणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला होता, आणि त्या अभ्यासात पुणे व चेन्नई येथील जोडपीही होती. भारतात २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करतात. त्यामुळे निदान न झालेला आणि औषध मध्येच सोडलेला माणूस, हे आज प्रसाराचे मोठे कारण आहे. उपचार प्रकरणाच्या शेवटी परिशिष्टासारखे न जोडता ते कारणांच्या विवेचनातच घ्यावे, असे मी सुचवेन.

तालुक्याची समुपदेशक

अभ्यासिकाताई, आपण क्षेत्रपाहणी करणार असाल तर प्रश्नावलीबाबत एक विनंती आहे. आजवर माझ्याकडे आलेल्या जवळपास सगळ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न "एचआयव्ही कसा होतो हे आपणास माहीत आहे का?" असा असतो. त्याला सगळे जण हो म्हणतात आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी नवरा वर्षातून किती महिने घरी असतो हे विचारा. अंगावरून पांढरे जाणे किंवा जखम याबद्दल शेवटचे कोणाला सांगितले आणि औषध कोठून आणले, हे विचारा. दवाखान्यात जाण्यासाठी एसटीचे पैसे कोणाकडे मागावे लागतात, हे विचारा. औषध चालू असलेल्यांना ती बाटली घरात कुठे ठेवता, हे विचारा. माझ्याकडच्या बायांनी आजवर दिलेली उत्तरे म्हणजे ज्वारीच्या कणगीत, शिलाई यंत्राच्या खणात, शेजारणीच्या घरी आणि एकीने तर गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्यात. ज्या घरी ती देवघराच्या फळीवर उघडी ठेवलेली असते, त्या घरातल्या रुग्णाचा विषाणूभार दबलेला असण्याची मला जवळपास खात्री असते.

आमच्या केंद्रात यायचे असल्यास आधी जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण कक्षाची लेखी परवानगी घ्या. गुरुवारी येऊ नका, त्या दिवशी आठवडी बाजार असतो. बाजाराच्या निमित्ताने घराबाहेर पडलेल्या बाया त्याच दिवशी गोळ्या न्यायला येतात, आणि अनोळखी माणूस दिसला की दारातूनच परत फिरतात.